पक्ष्याचे अंतर आणि भिंगाची निवड

पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याची हौस जडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा आकड्यांचा असतो. तीनशे मिलिमीटरचे भिंग घ्यावे, चारशेचे की सहाशेचे? दुकानदार या प्रश्नाचे उत्तर तत्परतेने देतो आणि ते उत्तर बहुतेक वेळा महागड्या भिंगाच्या बाजूचे असते. वास्तविक त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. ज्या पक्ष्याचे छायाचित्र काढायचे आहे, तो माणसाला किती जवळ येऊ देतो? टेलिफोटो भिंगाची निवड ही मुळात अंतराची निवड असते. हे अंतर ठाऊक नसताना घेतलेली भिंगे कपाटात पडून राहतात आणि त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

एखादे ठिकाण समोर ठेवले, की हा विचार अधिक स्पष्ट होतो. उदाहरणादाखल लखनौ शहरातील अलीगंज ही वस्ती घेता येईल. लखनौ मराठी वाचकाला अगदीच परके नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तेथे सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्याच शहरात, गोमती नदीच्या उत्तरेस अलीगंज वसले आहे. तेथील जुने हनुमान मंदिर आणि ज्येष्ठ महिन्यातील मंगळवारी भरणारी जत्रा प्रसिद्ध आहे. विज्ञानाची प्रदर्शने मांडणारी आंचलिक विज्ञान नगरीही याच वस्तीत आहे. पक्षिनिरीक्षणासाठी मात्र अलीगंजचे नाव सहसा कोणी घेत नाही. तरीही येथून निघालेल्या छायाचित्रकाराला निरनिराळी अंतरे भेटतात : घराजवळची बाग, शहराच्या ईशान्येचे कुकरैलचे जंगल, कानपूरच्या रस्त्यावरील नवाबगंजचे तळे आणि दूर नेपाळच्या सीमेलगतचे दुधवा. या प्रत्येक ठिकाणी एकच भिंग सारखे उपयोगी पडत नाही.

भिंगावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे त्याचे नाभीय अंतर. दूरच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगातून गेल्यावर जेथे एकत्र येतात, तेथपर्यंतचे हे अंतर असते. नाभीय अंतर जितके अधिक, तितकी कॅमेऱ्यातील प्रतिमा मोठी आणि तितकाच समोरच्या दृश्याचा लहान तुकडा चौकटीत येतो. साधे बहिर्गोल भिंग वापरून सहाशे मिलिमीटरचे नाभीय अंतर मिळवायचे झाले, तर नळी जवळजवळ दोन फूट लांबीची करावी लागेल. टेलिफोटो रचनेत पुढच्या बहिर्गोल भिंगांच्या मागे अंतर्गोल भिंगांचा गट बसवलेला असतो. तो किरणांचे एकत्र येणे लांबवतो, त्यामुळे आखूड नळीतही मोठे नाभीय अंतर साधते. कॅमेऱ्यासाठी ही रचना १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये डॅलमायर यांनी आणि जर्मनीत श्टाइनहाइल व मिथ यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केली. आज ज्याला सर्रास टेलिफोटो म्हटले जाते, त्याचे मूळ हे आहे.

प्रतिमेचा आकार काढण्यासाठी गुणाकार आणि भागाकार एवढेच गणित पुरते. वस्तूच्या आकाराला नाभीय अंतराने गुणावे आणि वस्तूच्या अंतराने भागावे. पाण्याकाठी दिसणारा लहान खंड्या सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचा असतो. तो दहा मीटरवर बसला आहे आणि भिंग चारशे मिलिमीटरचे आहे, असे धरले, तर कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणारी त्याची प्रतिमा ६.८ मिलिमीटर लांबीची होते. हौशी कॅमेऱ्यांतील प्रचलित संवेदक साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे खंड्याने चौकटीच्या रुंदीचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग व्यापला. चित्र उत्तम येते. आता तोच खंड्या चाळीस मीटरवर, तळ्याच्या पलीकडच्या खुंटावर बसला, की प्रतिमा १.७ मिलिमीटरवर येते. अडीच कोटींच्या आसपास बिंदू टिपणाऱ्या कॅमेऱ्यात चौकटीच्या रुंदीत सुमारे सहा हजार बिंदू असतात. पहिल्या छायाचित्रात खंड्याच्या वाट्याला त्यांतील सतराशे येतात, दुसऱ्यात जेमतेम सव्वाचारशे. त्यात चोच, डोळा आणि पंखांवरची निळाई सामावणे कठीण असते. चाळीस मीटरवरून तेच पहिले चित्र मिळवायचे, तर सोळाशे मिलिमीटरचे भिंग लागेल. असे भिंग सामान्य माणसाने विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याउलट छायाचित्रकार पाच मीटरपर्यंत पोहोचू शकला, तर दोनशे मिलिमीटरचे साधे भिंगही तितकीच मोठी प्रतिमा देते. अंतर निम्मे करणे आणि भिंग दुप्पट करणे यांचे फळ सारखेच आहे. पहिल्याला पैसे पडत नाहीत, पण ते दरवेळी करता येत नाही, करूही नये. त्याचा विचार पुढे येईल.

अलीगंजच्या एखाद्या घराच्या गच्चीतून किंवा कोपऱ्यावरच्या बागेतून पक्षी पाहू लागले, की हे गणित अनुकूल होते. कडुनिंब, पिंपळ आणि सावरीच्या झाडांवर तांबट, राघू, पिंगळा, भारद्वाज हे पक्षी वस्तीच्या गजबजाटाला सरावलेले असतात. कुंडीतल्या फुलावर येणारा शिंजीर दहा सेंटिमीटरचा असला, तरी तो चार मीटरवर येतो. तीनशे मिलिमीटरच्या भिंगातून त्याची प्रतिमा ७.५ मिलिमीटर पडते, म्हणजे वर सांगितलेल्या खंड्याहूनही मोठी. कॅमेऱ्याबरोबर जोडीने मिळणारे किंवा सर्वांत स्वस्तात येणारे सत्तर ते तीनशे मिलिमीटरचे झूम भिंग या कामाला पुरते. येथे एका वेगळ्याच आकड्याकडे लक्ष द्यावे लागते. प्रत्येक भिंगाला किमान अंतर असते आणि त्याहून जवळची वस्तू त्याला स्पष्ट टिपता येत नाही. काही लांब भिंगांचे हे अंतर साडेतीन-चार मीटरपर्यंत असते. लाखभर रुपयांचे भिंग हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर शिंजीर तीन मीटरवर येऊन बसतो आणि त्याला मागे सरकावे लागते, असे गच्चीत हमखास घडते.

भिंग घेण्याआधी अंतराचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत आहे. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे लेखणीसारखे काहीतरी बागेतल्या फांदीला बांधावे आणि पावले मोजत मागे जावे. पाच, दहा, वीस, तीस पावलांवरून, जवळ असेल त्या भिंगाने त्याची छायाचित्रे काढावीत. छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली, की कोणत्या अंतरापर्यंत तपशील टिकतो ते कळते. मग काही दिवस भिंगाचा विचार बाजूला ठेवून, पक्षी दिसताच तो किती पावलांवरून उडाला एवढेच वहीत टिपावे. वंचक बगळा दहा पावलांवर येऊ देईल, धनेश वीस पावलांवरच निघून जाईल. हे आकडे जागेनुसार बदलतात, आणि म्हणूनच ते दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेता येत नाहीत. पंधरा दिवसांची अशी वही कोणत्याही दुकानदारापेक्षा अधिक नेमका सल्ला देते.

संवेदकाच्या आकाराविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या संवेदकाऐवजी २४ मिलिमीटरचा लहान संवेदक वापरला, की चारशेचे भिंग ‘सहाशेचे होते’, असे म्हटले जाते. भिंग मात्र चारशेचेच राहते. लहान संवेदक प्रतिमेच्या कडा कापून टाकतो, म्हणून उरलेल्या चौकटीत पक्षी मोठा दिसतो. मोठ्या छायाचित्राच्या कडा कात्रीने कापल्या तरी असाच परिणाम होईल. लहान संवेदकावर बिंदू अधिक दाटीने बसवलेले असतील, तर पक्ष्याच्या वाट्याला अधिक बिंदू येतात, हा त्याचा खरा लाभ आहे. थोडक्या पैशात पक्षी टिपू पाहणाऱ्याने लहान संवेदकाचा कॅमेरा घेऊन उरलेली रक्कम भिंगावर खर्च करणे शहाणपणाचे असते. कॅमेरे पाच-सात वर्षांत जुने होतात, चांगले भिंग वीस वर्षे टिकते.

अलीगंजहून कुकरैलला जाण्यास फार वेळ लागत नाही. लागवडीतून वाढवलेले हे राखीव जंगल तेथील मगरवर्गीय घडियालांच्या संवर्धन केंद्रासाठी ओळखले जाते. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्रात घडियालांची पिल्ले वाढवून नद्यांत सोडली जातात. छायाचित्रकाराला मात्र जंगलात शिरताच वेगळी अडचण भेटते. पक्षी येथेही दूर नसतो, पण उजेड कमी असतो.

उजेडाचा संबंध भिंगाच्या छिद्राशी आहे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की जो आकडा येतो तो ‘एफ’ या अक्षरापुढे लिहितात. एफ ४, एफ ५.६, एफ ८, एफ ११ या क्रमात प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. दाट सावलीत एफ ४ च्या भिंगाने एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात छायाचित्र निघत असेल, तर एफ ५.६ च्या भिंगाला अडीचशेवा भाग लागतो आणि एफ ११ च्या भिंगाला साधारण साठावा भाग. फांदीवर निश्चल बसलेले पिंगळ्याचे जोडपे साठाव्या भागातही टिपता येईल. मान सतत वळवणारा लहान पक्षी मात्र तेवढ्यात हललेला असतो. उडणाऱ्या पक्ष्याला तर सेकंदाचा हजारावा, किंबहुना दोन हजारावा भाग हवा. हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा आज बहुतेक भिंगांत किंवा कॅमेऱ्यांत असते. अदलाबदल करता येणाऱ्या भिंगात ती प्रथम १९९५ मध्ये कॅनन कंपनीने आणली. ती मोलाची आहे यात शंका नाही, परंतु ती केवळ हात स्थिर करते, पक्ष्याला नाही.

मोठे छिद्र हवे म्हटले, की काच मोठी होते आणि काचेबरोबर वजन व किंमत वाढते. सहाशे मिलिमीटर, एफ ४ या भिंगाच्या छिद्राचा व्यास १५० मिलिमीटर भरतो, म्हणजे पुढची काच जेवणातल्या ताटलीएवढी होते. अशी जुनी भिंगे पाच किलोंहून अधिक वजनाची होती. नव्या रचनेत ती तीन किलोंवर आली आहेत, मात्र त्यांची किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. वर्तमानपत्रांत आणि स्पर्धांत झळकणारी चित्रे बहुधा या भिंगांनी काढलेली असल्याने नवशिक्याच्या मनात तेच प्रमाण ठरते. सामान्य हौशी छायाचित्रकाराच्या दृष्टीने खरा बदल २०१३ नंतर झाला. त्या वर्षाअखेर टॅमरॉन कंपनीने दीडशे ते सहाशे मिलिमीटरचे, दोन किलोंच्या आतले झूम भिंग जाहीर केले. पुढच्या वर्षी सिग्माने तसेच भिंग आणले, आणि २०१५ मध्ये निकॉनचे दोनशे ते पाचशेचे भिंग बाजारात आले. या भिंगांनी लांब पल्ला लाख रुपयांच्या आसपास आणून ठेवला. त्यांचे छिद्र लहान असते, परंतु नव्या कॅमेऱ्यांचे संवेदक कमी उजेडातही बरे काम करीत असल्याने ही उणीव पूर्वीइतकी जाचत नाही. कॅननने २०२० मध्ये सहाशे मिलिमीटरचे अवघे ९३० ग्रॅम वजनाचे भिंगही काढले. पण त्याचे छिद्र एफ ११ वर कायमचे बांधलेले आहे, म्हणजे एफ ४ च्या तुलनेत उजेड आठवा हिस्सा. तळ्याकाठच्या लख्ख उन्हात ते बरे चालते. कुकरैलच्या सावलीत ते हतबल होते. येथे तीनशे मिलिमीटर, एफ ४ असे मध्यम भिंग सहाशेच्या अंधाऱ्या भिंगापेक्षा अधिक चित्रे मिळवून देते.

कानपूरच्या रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेले, की उन्नाव जिल्ह्यातील नवाबगंजचे तळे लागते. आता त्याचे अधिकृत नाव शहीद चंद्रशेखर आझाद पक्षी अभयारण्य असे आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश २०१९ मध्ये झाला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी तलवार बदके, थापट्या, चक्रवाक आणि बारमाही राहणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, मुग्धबलाक येथे पाहायला मिळतात. पाण्याच्या मोकळ्या पृष्ठामुळे पक्ष्याला माणूस दुरूनच दिसतो आणि काठापासून आत जाता येत नाही. लांब भिंगाची खरी जागा ही. पाचशे-सहाशे मिलिमीटरचे भिंग येथे हौस राहत नाही, गरज होते.

परंतु येथेच त्या भिंगाची मर्यादाही उघडी पडते. ऊन चढले, की जमिनीलगतची हवा तापते. तापलेल्या आणि थंड हवेचे थर एकमेकांत मिसळताना प्रकाशकिरण सतत वाकतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर जे पाणी हलल्यासारखे दिसते, तोच हा प्रकार. शंभर मीटरवरच्या बदकाची लागोपाठ दहा छायाचित्रे काढली, तर एखाद्यात डोळा स्पष्ट येतो आणि उरलेल्यांत पिसे वितळल्यासारखी दिसतात. छायाचित्रकार अशा वेळी भिंगाला दोष देतो, दुरुस्तीला पाठवतो, प्रसंगी विकून अधिक महाग भिंग आणतो. दोष हवेचा असल्यामुळे त्याने काहीच सुधारत नाही, कारण अधिक लांबीचे भिंग पक्ष्याबरोबर हवेची थरथरही मोठी करते. लखनौच्या परिसरात आणखी एक अडचण आहे. स्थलांतरित पक्ष्यांची गर्दी ज्या डिसेंबर-जानेवारीत असते, त्याच दिवसांत सकाळी दाट धुके पडते. पाण्याचे सूक्ष्म कण उजेड विखुरतात आणि सारे दृश्य पांढरट होते. धुके फिटून ऊन तापेपर्यंतचा थोडा वेळच काय तो हाती लागतो. ज्याला हे माहीत आहे तो त्या तासाभरासाठी तयार राहतो. गाडीत ऊबदार ठेवलेले भिंग एकदम थंडीत बाहेर काढले, तर त्याच्या तोंडाशीच हवेची थरथर होते, म्हणून ते आधी बाहेर काढून निवू द्यावे, हे बारकावे अशा ठिकाणीच उमगतात.

नवाबगंजच्या वाटेवरच्या शेतांत आणि डबक्यांत सारस दिसतो. हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. २०२३ च्या गणनेत राज्यात १९ हजारांहून अधिक सारस नोंदले गेले. महाराष्ट्रात मात्र तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि अगदी थोड्या संख्येने उरला आहे. सारस दीड मीटरहून अधिक उंच असतो. पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या दीड मीटर उंचीच्या सारसाची प्रतिमा चारशेच्या भिंगाने १२ मिलिमीटर उंच पडते, म्हणजे लहान संवेदकाच्या उंचीचा तीन-चतुर्थांश भाग. सहाशेच्या भिंगाने ती १८ मिलिमीटर होते आणि पाय किंवा डोके चौकटीबाहेर जाते. सारस बहुधा जोडीने वावरतो. दोन्ही पक्षी, भाताचे पाणी आणि मागची झाडे चित्रात यावीत असे वाटत असेल, तर दोनशेचे भिंगही पुरे होते. मोठ्या पक्ष्याला मोठे भिंग हा समज सारसाइतका दुसरा कोणताही पक्षी खोटा ठरवत नाही.

सारसाच्या बाबतीत अंतराचा प्रश्न केवळ चित्रापुरता राहत नाही. पावसाळ्यात तो भातखाचरात किंवा दलदलीत गवताचा मोठा ढीग रचून घरटे करतो आणि साधारणपणे दोनच अंडी घालतो. छायाचित्रकार जवळ गेला, की पक्षी घरट्यावरून उठतो. अंडी उघडी पडतात, कावळ्यांना आणि कुत्र्यांना संधी मिळते, आणि चिखलात उमटलेली पावलांची वाट घरट्याचा पत्ता सांगत राहते. गोंदियासारख्या ठिकाणी एका घरट्याचे असे नुकसान त्या वर्षीच्या पिल्लांचा मोठा वाटा हिरावून नेऊ शकते. येथे आखूड भिंग घेऊन जवळ जाण्याचा पर्याय उरत नाही. लांब भिंगाच्या किमतीत वास्तविक पक्ष्यापासून दूर राहण्याची मुभा विकत घेतलेली असते. मात्र सहाशेचे भिंग हाती असूनही आणखी जवळ सरकण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून टक लावली, तो हाक देऊ लागला किंवा चालत दूर सरकू लागला, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. घरट्यावरच्या पक्ष्याचे छायाचित्र न घेणे हाच तेथे योग्य निर्णय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वन्य पक्ष्याच्या घरट्याला आणि अंड्यांना संरक्षण दिलेले आहे.

लांब भिंगांच्या आधी लोक काय करीत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. आजच्या उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून काम केलेले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाघांची छायाचित्रे काढली. वाघाच्या वाटेवर ते तार ताणून ठेवीत. अंधारात वाघाचा पाय तिला लागला, की कॅमेऱ्याचे शटर उघडे आणि झगझगीत उजेड पडून छायाचित्र निघे. छायाचित्रकार तेथे हजरच नसे. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. जिम कॉर्बेट यांच्यासारखा शिकारी कॅमेऱ्याकडे वळला त्यामागे चॅम्पियन यांच्या चित्रांचा वाटा होता. इकडे अलिबागजवळच्या किहीम येथे सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास शिडीवरच्या कापडी आडोशात बसून केला. आडोशाला जुन्या मराठीत ‘लपण’ म्हणतात. लपणात निश्चल बसलेल्या माणसाकडे पक्षी आपण होऊन येतो, आणि तीनशेचे भिंग सहाशेचे काम करू लागते. पाण्याच्या किंवा खाद्याच्या जागी, घरट्यापासून लांब बांधलेले लपण हे आजही गरिबाचे लांब भिंग आहे. त्यासाठी लागणारा संयम मात्र बाजारात मिळत नाही.

दुधवा अलीगंजपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर, लखीमपूर खीरी जिल्ह्यात आहे. १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल बाराशिंग्यांसाठी आणि १९८४ पासून तेथे पुन्हा वसवलेल्या गेंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे छायाचित्रकार जीपमध्ये असतो, त्याला खाली उतरता येत नाही, आणि प्राणी कोठे दिसेल हे कोणाच्याच हाती नसते. बाराशिंग्यांचा कळप दलदलीच्या पलीकडे दोनशे मीटरवर चरत असतो, तर पुढच्याच वळणावर हत्ती वीस मीटरवर येतो. एकाच नाभीय अंतराच्या भिंगाचा मालक अशा वेळी हत्तीचा केवळ डोळा टिपू शकतो. शंभर ते चारशे किंवा दीडशे ते सहाशेचे झूम भिंग या अनिश्चिततेसाठीच आहे. जीपमध्ये तिपाई मांडता येत नाही, म्हणून तांदूळ किंवा कडधान्य भरलेली कापडी पिशवी दारावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवतात. भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून रोहित पक्षी टिपणाऱ्यांची अडचण निराळी. नाव सतत डुलते, तिपाईही तिच्याबरोबर डुलते, त्यामुळे हातात धरून पेलता येईल असे हलके भिंगच तेथे कामाचे. वजनाचा विचार कागदावर क्षुल्लक वाटतो. दोन किलोंचे भिंग अर्धा तास डोळ्याशी धरून पाहिल्यावर तो क्षुल्लक वाटत नाही.

भिंगाच्या मागे बसवून नाभीय अंतर १.४ पट किंवा दुप्पट करणारे जोडभिंग मिळते. दुकानात ते स्वस्तातला उपाय म्हणून पुढे केले जाते. पहिल्याने उजेड निम्मा होतो, दुसऱ्याने चौथा हिस्सा उरतो, आणि मूळ भिंगातले दोषही तेवढेच मोठे होतात. एफ ४ च्या उत्तम भिंगावर १.४ पटीचे जोडभिंग चांगले चालते. एफ ६.३ च्या झूम भिंगावर दुपटीचे बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे ऑटोफोकस इतक्या कमी उजेडात बंदच पडते.

महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकणाऱ्या माणसाने जुन्या भिंगांच्या बाजाराकडे तुच्छतेने पाहू नये. मोठ्या कंपन्या आता आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत, त्यामुळे आरशाच्या कॅमेऱ्यांची उत्तम भिंगे निम्म्या किमतीत विकली जात आहेत. जोडकडे लावून त्यांतील बरीचशी नव्या कॅमेऱ्यांवरही चालतात, मात्र ही जोडणी आपल्या कॅमेऱ्याशी जुळते की नाही ते आधी पाहावे. जुन्या भिंगाचा मोठा शत्रू बुरशी. गंगेच्या मैदानात काय किंवा कोकणात काय, पावसाळ्यातल्या दमट हवेत कातडी पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरतात आणि काचेवरचा लेप खाऊन टाकतात. भिंग पाहताना मागच्या बाजूने लहान विजेरीचा झोत आत सोडावा आणि पुढून तिरपे पाहावे. असे तंतू दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये. काच स्वच्छ निघाली, की भिंग कॅमेऱ्याला लावून दुकानाबाहेर यावे आणि छिद्र पूर्ण उघडे ठेवून रस्त्यापलीकडच्या पाटीवरची सर्वांत बारीक अक्षरे टिपावीत. झूम भिंग असल्यास हे दोन्ही टोकांना करावे, कारण लांब टोकाला अक्षरे फिसकटणारी भिंगे पुष्कळ असतात, आणि पक्षी टिपताना भिंग बहुतेक सारा वेळ त्याच टोकाला लावलेले असते.